उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी का बसते? स्मार्ट चार्जरने ती कशी जपावी

सोयाबीन, कपाशीच्या पट्ट्यात जुलैच्या मध्यापर्यंत पेरण्या उरकतात आणि ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहतो. त्यानंतर तो थेट दसऱ्याला पूजेसाठी किंवा मळणीसाठी बाहेर काढायचा असतो. चावी फिरवली की सेल्फ फक्त ‘टक’ असा आवाज करतो, दिवे मिणमिणतात आणि इंजिन फिरत नाही. रब्बीच्या पेरणीला जमिनीत वापसा असतो तो मोजकेच दिवस. त्या दिवसांत मेकॅनिकची वाट पाहणे किंवा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागणे परवडत नाही. बहुतेक वेळा दोष कंपनीला किंवा दुकानदाराला दिला जातो. खरे कारण मात्र वेगळे असते. ट्रॅक्टरची बॅटरी कामाने जेवढी झिजत नाही, तेवढी ती अर्धवट उतरलेल्या अवस्थेत उभी राहिल्याने खराब होते.

हे टाळणे अवघड नाही. त्यासाठी बॅटरी कशाने उतरते आणि उतरल्यावर तिच्या आत काय घडते, हे आधी समजून घ्या.

सेल्फ मारल्याने बॅटरी किती उतरते?

डिझेल ट्रॅक्टर सुरू करताना सेल्फ साधारण २०० अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह ओढतो. आकडा मोठा वाटतो, पण तो काही सेकंदच लागतो. २०० अँपिअर प्रवाह ५ सेकंद घेतला, तर खर्च होतो सुमारे ०.२८ अँपिअर-तास (एएच). ८० एएचच्या बॅटरीत हा खर्च अर्धा टक्काही नाही.

आता उभ्या ट्रॅक्टरचा हिशेब पाहा. त्यात दोन गळती असतात.

पहिली गळती बॅटरीच्या आतली. वायर जोडलेली नसली, तरी शिसे-आम्लाची बॅटरी आपोआप हळूहळू उतरते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला हे प्रमाण साधारण महिन्याला ३ ते ५ टक्के असते. तापमान दर १० अंशांनी वाढले की ते जवळपास दुप्पट होते. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली बॅटरी हिवाळ्यापेक्षा कितीतरी वेगाने उतरते. बॅटरी जुनी असेल, तर हा वेग आणखी वाढतो.

दुसरी गळती वायरिंगमधली. डिजिटल मीटर, जीपीएस यंत्र, नंतर बसवलेला गाण्यांचा सेट, जादा एलईडी दिव्यांचे जोड हे चावी बंद असतानाही थोडा प्रवाह घेतात. समजा, हे सगळे मिळून ३० मिली अँपिअर घेतात. हा प्रवाह अगदी किरकोळ, पण तो २४ तास चालू असतो. दिवसाला होतात ०.७२ एएच, महिन्याला जवळपास २२ एएच.

दोन्ही गळती एकत्र धरा. ८० एएचची पूर्ण भरलेली बॅटरी, महिन्याला वायरिंगचे २२ आणि आतल्या गळतीचे ४, म्हणजे एकूण २६ एएच जातात. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर अडीच महिन्यांत ६५ एएच गेले. शिल्लक राहिले १५. एवढ्यावर इंजिन फिरत नाही.

याच ट्रॅक्टरच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर उभा करतानाच काढून ठेवली असती, तर अडीच महिन्यांत फक्त १० एएच गेले असते. ७० एएचवर ट्रॅक्टर पहिल्याच सेल्फमध्ये सुरू होतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. ट्रॅक्टर दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त उभा राहणार असेल, तर निगेटिव्ह वायर सोडवा किंवा बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच बसवून घ्या.

उतरलेल्या बॅटरीच्या आत काय होते?

बॅटरी उतरते तेव्हा तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. हा थर ताजा असेपर्यंत मऊ आणि बारीक कणांचा असतो. लगेच चार्ज केले की तो विरघळून सल्फेट पुन्हा आम्लात जाते. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेली राहिली, तर या कणांचे मोठे, टणक खडे बनतात. मग कितीही चार्ज केले तरी ते पूर्ण सुटत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

जमिनीतल्या स्फुरदाशी हे ताडून पाहा. चुनखडीच्या जमिनीत दिलेला स्फुरद सुरुवातीला पिकाला मिळतो. पुढे तो कॅल्शियमबरोबर बद्ध होत जातो. जमिनीत एकूण स्फुरद भरपूर, पण पिकाला लागू होणारा थोडा. बॅटरीचेही तसेच होते. शिसे आहे, आम्ल आहे, पण कामाला येत नाही. ८० एएचची बॅटरी प्रत्यक्षात ४० एएचची होऊन बसते आणि वरून पाहून ते कळत नाही.

म्हणून नियम एकच: बॅटरी उभी ठेवायची असेल, तर भरून ठेवावी आणि भरलेलीच राहील असे पाहावे.

आठवड्याला दहा मिनिटे ट्रॅक्टर सुरू केला तर?

ही सवय अनेकांना आहे आणि ती पूर्ण चुकीची नाही. इंजिनात तेल फिरते, उंदरांनी वायर कुरतडली असेल तर लक्षात येते. पण बॅटरीसाठी ती पुरेशी नाही. मंद गतीवर डायनमो कमी प्रवाह देतो. समजा, १० मिनिटे सरासरी १० अँपिअर मिळाले, तर बॅटरीत जातात जेमतेम १.७ एएच. वर पाहिलेल्या हिशेबाने आठवड्याची गळती ६ एएच आहे. सेल्फचा खर्च भरून निघतो, आठवड्याची गळती भरत नाही. शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी शेवटचा २० टक्के भाग फार सावकाश घेते. तो भरायला तासन्‌तास लागतात. उभ्या ट्रॅक्टरवर एवढे डिझेल जाळणे परवडत नाही. हेच काम चार्जर साधारण अर्ध्या युनिट विजेत करतो.

साधा चार्जर आणि स्मार्ट चार्जर यांतला फरक

गॅरेजमध्ये दिसणारा मोठा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर बॅटरी भरली की नाही हे पाहत नाही. तो प्रवाह ढकलत राहतो. रात्रभर विसरला, तर बॅटरीतले पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात, पाणी आटते, प्लेटा झिजतात आणि हायड्रोजन वायू साचतो. जाणकार माणूस समोर असेल, तर हा चार्जर चालतो. घरी लावून झोपी जाण्यासाठी तो नाही.

स्मार्ट चार्जर बॅटरीचा व्होल्टेज सतत मोजतो आणि तीन टप्प्यांत काम करतो.

- पहिला टप्पा: ठरलेला पूर्ण प्रवाह देतो. बॅटरी सुमारे ८० टक्के भरेपर्यंत हे चालते.
- दुसरा टप्पा: व्होल्टेज साधारण १४.४ ते १४.७ वर स्थिर ठेवून प्रवाह आपोआप कमी करत जातो. बॅटरी पूर्ण भरते ती इथे.
- तिसरा टप्पा: व्होल्टेज साधारण १३.५ ते १३.८ वर उतरवतो आणि फक्त गळतीपुरता प्रवाह देतो. याला फ्लोट म्हणतात.

ठिबकवर वाढलेल्या पिकाला पाणी कसे देतो, ते आठवा. आधी वाफसा येईपर्यंत भरपूर, मग गरजेपुरते, मग रोजच्या बाष्पीभवनाइतकेच. साध्या चार्जरचे काम मोकाट पाण्यासारखे आहे.

चार्जर निवडताना काय पाहावे?

- क्षमता: बॅटरीच्या एएचच्या दहाव्या भागाइतके किंवा त्याहून थोडे कमी अँपिअर पुरेसे. ७५ ते १०० एएचच्या ट्रॅक्टर बॅटरीला ५ ते ८ अँपिअर, लहान मोटारीच्या ३५ ते ४५ एएचच्या बॅटरीला ३ ते ४ अँपिअर. अर्धी उतरलेली ८० एएच बॅटरी ५ अँपिअरच्या चार्जरवर भरायला साधारण १० ते १२ तास लागतात.
- वीज गेल्यावर काय होते: काही चार्जर वीज परत आल्यावर आपोआप सुरू होतात, काहींचे बटण पुन्हा दाबावे लागते. गावाकडे हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. दुकानातच प्लग काढून, पुन्हा लावून खात्री करा.
- किती कमी-जास्त व्होल्टेजवर तो चालतो: हे चार्जरच्या पाठीवर लिहिलेले असते. जेवढा पट्टा मोठा, तेवढे चांगले.
- बॅटरीचा प्रकार: पाणी भरण्याची, सीलबंद, जेल, लिथियम यांना वेगवेगळे व्होल्टेज लागते. आपल्या बॅटरीचा प्रकार निवडता येतो का ते पाहा. काही चार्जरवर बर्फाच्या फुलाचे चिन्ह असलेला पर्याय असतो. तो थंड प्रदेशासाठी जास्त व्होल्टेज देतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो वापरू नये.
- उलट जोडणीपासून संरक्षण असलेलाच घ्यावा.

‘रिपेअर’ किंवा ‘डिसल्फेशन’ नावाच्या पर्यायाने थोडी खराब झालेली बॅटरी काही अंशी सुधारू शकते. वर्षभर पडून असलेली बॅटरी त्याने जिवंत होत नाही. हा पर्याय व्होल्टेज बराच वाढवतो. म्हणून तो वापरताना दोन्ही वायर ट्रॅक्टरपासून सोडवाव्यात.

जोडण्याची पद्धत

१. इंजिन व चावी बंद करा. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. शेडची दारे उघडी ठेवा. बिडी, काडीपेटी, वेल्डिंग जवळ नको. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो आणि बॅटरी फुटून आम्ल उडते.

२. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर सोडवा. पुन्हा जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. या क्रमाने पाना चुकून ट्रॅक्टरच्या लोखंडाला टेकला, तरी ठिणगी पडत नाही.

३. पाण्याची पातळी पाहा. प्लेटा उघड्या असतील, तर त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घाला. वरपर्यंत पाणी चार्जिंग झाल्यावर भरा. आधी भरले, तर चार्ज होताना ते उतू जाते.

४. लाल चिमटा पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला लावा. त्यानंतरच चार्जरचा प्लग बोर्डात घाला. काढताना आधी बटण बंद करा, प्लग काढा, मग चिमटे.

५. चार्जर जोडलेला असताना सेल्फ मारू नका.

बॅटरी पार उतरलेली असेल, तर अनेक स्मार्ट चार्जर तिला ओळखतच नाहीत आणि चूक दाखवतात. चार्जर बिघडला असे समजू नका. अशी बॅटरी जाणकाराकडे नेऊन थोडी चार्ज करून आणा, मग स्मार्ट चार्जर लावा. चार्ज होताना बॅटरीचे अंग फार तापले किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर लगेच बोर्डावरून चार्जर बंद करा, शेड मोकळी हवेशीर होऊ द्या आणि बॅटरी तपासून घ्या.

किती दिवसांनी चार्ज करावे?

चार्जर महिनोन्‌महिने जोडून ठेवणे स्मार्ट चार्जरला जमते. तरी वीज कमी-जास्त होणे आणि उंदरांचा त्रास पाहता बहुतेकांना ठरावीक रात्रीचे चार्जिंगच सोयीचे पडते.

- वायर सोडवून ठेवलेली बॅटरी: ४ ते ६ आठवड्यांतून एक रात्र, एप्रिल-मे महिन्यांत ३ ते ४ आठवड्यांतून.
- जीपीएस किंवा इतर कारणाने वायर सोडवता येत नसेल: १५ दिवसांतून एक रात्र.
- आठवड्यातून एकदाही न निघणारी घरची मोटार: महिन्यातून दोन रात्री. नवीन मोटारीची बॅटरी सोडवल्यास काही सेटिंग पुसल्या जातात. तिथे बॅटरी गाडीतच ठेवून, गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे चार्जर जोडावा.

शेडमध्ये वीज नसेल तर

१० ते २० वॅटचे छोटे सोलर पॅनेल आणि १२ व्होल्टचा चार्ज कंट्रोलर पुरेसा आहे. १० वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण २ ते ३ एएच देते. ट्रॅक्टरची रोजची गळती एक एएचच्या आत आहे. कंट्रोलरशिवाय पॅनेल थेट जोडू नका. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस असतात, म्हणून वायर सोडवलेली असणे तेव्हाही आवश्यक.

एक सूचना काटेकोर पाळा. सौर कृषिपंपाच्या पॅनेलमधून ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोड देऊ नका. ती पॅनेल एकामागोमाग जोडलेली असतात आणि त्यांचा व्होल्टेज जिवावर बेतण्याइतका असतो. पंपाच्या स्टार्टर पेटीतून आकडा टाकून चार्जर चालवणेही टाळा.

बॅटरी किती भरली आहे हे कसे ओळखावे?

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. चार्जिंगनंतर किंवा इंजिन बंद केल्यानंतर ८ ते १२ तास थांबून मोजा. लगेच मोजल्यास आकडा फसवा येतो.

- १२.६ व्होल्ट किंवा जास्त: पूर्ण भरलेली
- १२.४ व्होल्ट: पाऊण, चार्ज करा
- १२.२ व्होल्ट: निम्मी; आजच चार्ज करा
- १२.० व्होल्ट: पाव, प्लेटा खराब व्हायला सुरुवात
- ११.८ व्होल्टच्या खाली: रिकामी

आणखी दोन मोजमापे उपयोगी आहेत. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर पूर्ण भरलेली बॅटरीही कमजोर झाली आहे. इंजिन मध्यम गतीवर असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसत नसतील, तर दोष डायनमो किंवा वायरिंगमध्ये आहे, नवी बॅटरी घेऊन तो जाणार नाही. पाणी भरण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटरने सहाही कप्पे तपासा. एका कप्प्याचे वाचन इतरांपेक्षा ०.०५० किंवा त्याहून कमी असेल, तर तो कप्पा गेला असे समजा.

इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढून डायनमो तपासण्याची पद्धत बंद करा. व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरचे डायोड आणि इलेक्ट्रॉनिक मीटर जळतात.

पाणी आणि टर्मिनल

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे, बोअरचे किंवा आरओचे पाणी चालत नाही. त्यातील क्षार आणि लोह प्लेटांवर बसतात आणि आतली गळती वाढते. पाण्याची पातळी प्लेटांच्या वर १० ते १२ मिमी ठेवा. आम्ल आटत नाही, आटते ते पाणी. म्हणून वरून आम्ल घालू नये.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश करून धुवा. बुचे घट्ट लावलेली असू द्या. सोडा आत गेला, तर आम्ल वाया जाते. कोरडे करून वायर आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. वरची धूळ आणि ओल पुसून काढा, कारण त्यातूनही प्रवाह झिरपतो. प्लॅस्टिकच्या आवरणाची बॅटरी सिमेंटवर ठेवल्याने उतरते, हा मात्र गैरसमज आहे.

फवारणी पंपालाही हाच नियम

पाठीवरच्या बॅटरी पंपात १२ व्होल्टची ८ किंवा १२ एएचची सीलबंद बॅटरी असते. फवारणी संपली की पंप माळ्यावर जातो आणि पुढच्या खरिपात तो टाकीभरही चालत नाही. पंप ठेवताना बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि दर दोन महिन्यांनी एकदा चार्ज करत राहा. ट्रॅक्टरचा ५ अँपिअरचा चार्जर या लहान बॅटरीला लावू नका. पंपाचा स्वतःचा किंवा १ अँपिअरचा चार्जर वापरा. पंप लिथियम बॅटरीचा असेल, तर त्याच्याच चार्जरने तो निम्म्याच्या आसपास चार्ज करून सावलीत ठेवा.

उतरलेली बॅटरी जीवही घेऊ शकते

बॅटरी उतरली की पळवाटा सुरू होतात. ट्रॅक्टर उतारावर उभा करणे, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणे आणि सर्वांत घातक म्हणजे खाली उभे राहून सेल्फच्या टोकांना पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर लावणे. तसे केल्याने क्लच-न्यूट्रलची सुरक्षा स्विच वगळली जाते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर इंजिन सुरू होताच तो पुढे जातो आणि माणूस उभा असतो मागच्या मोठ्या चाकापुढेच. सीटवर बसून चावीनेच ट्रॅक्टर सुरू करा आणि घरातल्या मुलांना, चालकाला हे स्पष्ट सांगा.

अवजारे बँक आणि गटांसाठी

अवजारे बँकेच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या ट्रॅक्टरला अनेक चालक असतात, पण बॅटरीकडे पाहणारा कोणी नसतो. एक चार्जर, एक मल्टिमीटर आणि एक वही एवढ्यात काम भागते. वहीत तारीख, व्होल्ट, पाणी भरले का आणि सही असे चार रकाने ठेवा. कृषी सहायकांनी खरीपपूर्व बैठकीत बियाणे उगवण चाचणीबरोबर पाच मिनिटे बॅटरीसाठीही द्यावीत. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात व्होल्टेज मोजले, तर पेरणीपूर्वी दुरुस्तीला वेळ मिळतो.

नीट जपलेली बॅटरी साधारणपणे ३ ते ५ वर्षे चालते. ती संपल्यावर भंगारात फोडू नका. शिसे आणि आम्ल माती-पाण्यात जाते. जुनी बॅटरी विक्रेत्याला परत द्या आणि नव्या बॅटरीच्या किमतीत तिची वजावट घ्या. नवी आणल्यावर तिच्या अंगावर बसवल्याची तारीख रंगाने लिहा, आणि ट्रॅक्टर शेडमध्ये लावाल त्याच संध्याकाळी निगेटिव्ह वायर सोडवा.